दुसरा जामीन

लेकाला, विलासला, घातलेले हार सुकून गेले तरी दुर्गाबाईंनी ते खिडकीच्या गजावरून काढले नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत असंच त्यांच्या मनात होतं. तुर्भ्याच्या वस्तीतल्या विहारात सत्कार झाला त्याला आठवडा होत आला होता आणि आज, रविवारी, वाशीच्या घरी निरोपाचं जेवण होतं. माणसं घरचीच. तुर्भ्याहून मोठे दीर बाजीराव आणि जाऊबाई चांगुणाबाई, आणि डोंबिवलीहून दुर्गाबाईंचा धाकटा भाऊ मधुकर.

चौऱ्याऐंशी सालचा ऑगस्ट लागला होता. महिनाअखेर विलास अमेरिकेला जायचा होता. तिथल्या विद्यापीठानं त्याची फी माफ केली होती; राहण्या-खाण्याचा खर्च मुंबईतला एक ट्रस्ट कर्जाऊ देणार होता. दुर्गाबाईंच्या नवऱ्यानं, सितारामनी, प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली होती, ती कपडेलत्ते आणि कागदपत्रांत संपली होती. विमानाचं तिकीट तेवढं राहत होतं, ते बाजीरावांनी अंगावर घेतलं. "आपल्या घरातला पोरगा साता समुद्रापार जातोय. तो काय एकट्या सितारामचा हाय?" असं म्हणत ते दगडखाणीवरून सुटल्यावर दारोदार वर्गणी मागत फिरले आणि विहारात थैली दिली. त्या दिवशी स्टेजवर खुर्ची होती ती दुर्गाबाईंना. चांगुणाबाईंना दुर्गाबाईंनीच सांगितलं होतं, "वयनी, तुम्ही खाली बायकांत बसा, तिकडं कुणीतरी बघायला हवं."

आत्ता चांगुणाबाई स्वयंपाकघरात ओट्याजवळ जमिनीवर बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. ओट्याशी उभं राहून त्यांना जमत नसे, म्हणून स्टोव्ह खाली उतरवला होता. दुर्गाबाई मटणाच्या पातेल्यात पळी फिरवत होत्या. तेवढ्यात उघड्या दारातून समोरच्या ब्लॉकमधल्या प्रधानबाई आत आल्या.

"वास अगदी जिन्यापर्यंत आला हो," त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर खाली गेली. "ह्याच का तुमच्या जाऊबाई? ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या? बरं झालं भेटलात! आमच्या ह्यांना डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिलीत लिहून. रोज कुठं दवाखान्यात जायचं? तुम्ही आज आलाच आहात तर एक देऊन टाकाल का? सिरिंज आहे घरात, उकळून ठेवते."

दुर्गाबाईंच्या हातातली पळी थांबली. सोसायटीत राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात प्रधानबाईंनी विचारलं होतं, जाऊबाई काय करतात म्हणून. "इस्पितळात असतात," असं दुर्गाबाई म्हणाल्या होत्या, आणि ते खरंच होतं. "नर्स का?" असं प्रधानबाईंनीच पुढं विचारलं. तेव्हा दुर्गाबाई गप्प राहिल्या. मग केव्हातरी त्यांनी मानही हलवली असेल.

चांगुणाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. दुर्गाबाईंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"आज सुट्टी हाय माझी," त्या प्रधानबाईंना म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी मी कामाला हात लावत नाय."

प्रधानबाई हसून गेल्या. भाकरी टम्म फुगली, चांगुणाबाईंनी ती टोपलीत टाकली आणि पुढचा गोळा हातात घेतला. दुर्गाबाईंना वाटलं, आता काही बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या भाकऱ्या थापत राहिल्या आणि दुर्गाबाईंनी गरज नसताना पातेल्यात पाणी वाढवलं.

पानं बाहेरच्या खोलीत मांडली. बाजीराव मांडी ठोकून बसले ते बोलतच.

"विलास, तारीख बोल. मला पक्की तारीख पायजे. वस्तीतल्या पंढरीच्या टेम्पोला इसार दिलाय मी. अर्धी वस्ती येते म्हनते विमानतळावर. बायकांनी आतापासूनच भांडनं लावलीत, पुढं ड्रायव्हरजवळ कोन बसनार म्हनून."

सिताराम हसले. मधुकर हसला नाही. तो आल्यापासून गप्प होता. दुर्गाबाईंना वाटलं होतं, आठवडाभराच्या नोकरीनं दमला असेल.

"काका, टेम्पो नको," विलास पानाकडं बघत म्हणाला.

"का रं? आमची लाज वाटते?"

"तसं नाही, काका."

"मग कसं? साहेब लोकांसमोर आमी टेम्पोतनं उतरलो तर तुझी मान खाली जाईल?"

"मी जात नाहीये," विलास म्हणाला.

खोलीत कुणाला लगेच कळलंच नाही. सितारामनी तर कांदा मागायला हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.

"ट्रस्टनं कर्ज नाकारलं. खर्चाची सोय दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. म्हणून जाणं नाही."

"कधी नाकारलं?" बाजीरावांनी विचारलं.

विलासनं भाकरीचा तुकडा मोडला.

"कधी, म्हनतो मी?"

"सत्काराच्या आधी. दोन दिवस."

बाजीरावांनी घास पानात परत ठेवला. रागानं त्यांचा आवाज चढायचा हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण आता तो उतरला. "म्हंजे तू शाल घेतलीस तवा तुला माहीत व्हतं. गिरजाबाईनं तुझ्या पाया पडून ओवाळलं. ती माझ्या आयच्या वयाची. तवा तुला माहीत व्हतं."

"मला सांगता आलं नाही, काका. मी सांगायलाच आलो होतो वस्तीत. पताका लागल्या होत्या. तुम्ही मला बघून पोरांना म्हणालात, बघा, आला. मग मला..." चोवीस वर्षांचा मुलगा ताटासमोर बसून रडला, आणि ते पाहायला नको म्हणून सगळे आपापल्या पानात बघत राहिले.

"पण का नाकारलं?" सितारामनी विचारलं. "दोन जामीन मागितले होते, दोन दिले. आमच्या कारखान्यातले शिंदेसाहेब, आणि..."

दुर्गाबाईंनी भावाकडं पाहिलं. मधुकरचा हात पानात तसाच होता, बोटांवरचा रस्सा वाळत चालला होता. तो लहानपणी दूध सांडून असाच बसायचा, न हलता, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून.

"मधू," त्या म्हणाल्या.

"ताई, माझा जामीन पास नाही झाला."

"पास नाही झाला म्हणजे?"

"आमच्या ऑफिसातल्या सुभाषच्या कर्जाला मी मागं जामीन राहिलो होतो. तो सगळं टाकून दुबईला निघून गेला. आता माझ्या पगारातून कापतात. घरी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. ट्रस्टवाल्यांनी ऑफिसात चौकशी केली आणि त्यांना कळलं."

"पगार कापतायत हे तुला सही करताना माहीत होतं ना?" सितारामनी विचारलं.

"माहीत होतं, भावजी. वाटलं, चालून जाईल. ताईनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं होतं. नाही कसं म्हणणार?"

"आनि सत्कारात माइक धरून काय बोलत व्हतास?" बाजीराव आता ओरडले. "भाच्याच्या पाठीशी मामा उभा हाय! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीच पयल्या वाजवल्या!"

"मला त्या दिवशी ट्रस्टचं माहीत नव्हतं. नंतर विलासनं सांगितलं. त्यानंच सांगितलं की आईला कळू देऊ नका, माहेरचं म्हणून तिच्या मनाला लागेल."

दुर्गाबाईंना सासरच्या माणसांसमोर मान वर करता येईना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अजूनही माहेरचं काही निघालं की त्यांना आपण या घरात नवी आहोत असं वाटायचं. आणि पोरानं आठवडाभर हे एकट्यानं ओढलं होतं, आईची मान खाली जाऊ नये म्हणून. त्याच आठवड्यात त्या सोसायटीतल्या बायकांना बोलावून बोलावून शाल दाखवत होत्या.

जेवणं तशीच राहिली. बराच वेळ बाजीराव बोलत होते आणि बाकीचे ऐकत होते. मग मधुकरच हळूच म्हणाला, "एक करता येईल. कॉलेजची तारीख पुढं गेली, जानेवारीत जाणार, असं सांगायचं. तोवर काहीतरी होईल."

"त्यात खोटं फार नाही," सिताराम म्हणाले.

बाजीराव उसळतील असं दुर्गाबाईंना वाटलं. पण ते खिडकीबाहेर बघत होते. पुढच्या महिन्यात विहाराच्या कमिटीची निवड होती आणि त्यांचं नाव पुढं होतं. "तसंच सांगा," ते म्हणाले. "आत्ता बोभाटा झाला तर वस्तीत मला तोंड दाखवायला जागा ऱ्हानार नाय."

घटकेपूर्वी एकमेकांना खायला उठलेले तिघं पुरुष एका बाजूला झाले होते. आणि खरं सांगायचं तर दुर्गाबाईंनाही हायसं वाटलं.

"आनि थैली?" दारात उभ्या असलेल्या चांगुणाबाईंनी विचारलं. त्यांच्या हातात भाकऱ्यांची टोपली होती.

"थैलीचं काय? जानेवारीत लागंलच."

"नाय लागली तर?"

"तू मधी बोलू नको," बाजीराव म्हणाले.

विलासनं डोळे पुसले. "ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले होते, महिनाअखेरपर्यंत दुसरा जामीन आणला तर जानेवारीसाठी विचार करू. आईवडील चालत नाहीत. दुसरं कुणीही चालेल. फक्त नोकरी कायमची हवी आणि पगारावर कर्ज नको."

मग नावं निघाली. सितारामच्या खात्यातले एकजण, ते स्वतःच कर्जात. मधुकरचे साडू, त्यांच्याशी बोलणं नाही. गावाकडचे मास्तर, ते निवृत्त झाले. बाजीराव खाणीवर रोजंदारीनं. "आपल्यात परमनंट म्हणजे..." सिताराम म्हणाले आणि थांबले.

चांगुणाबाई टोपली घेऊन उभ्याच होत्या. विलास शाळेत जायच्या आधीपासून त्या ठाण्याच्या इस्पितळात कायम होत्या. दर महिन्याला पगाराची चिठ्ठी, वर्षाला रजा, अंगावर एका पैचं कर्ज नाही. खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. बाजीराव खिडकीबाहेर बघत राहिले. सितारामनी पाण्याचा तांब्या सरकवला. दुर्गाबाईंना कळत होतं, हे आपण बोलायचं आहे, दुसऱ्या कुणी नाही. पण डोळ्यांसमोर ट्रस्टचं ऑफिस आलं, टेबलामागची शिकलीसवरली माणसं आली, आणि अमेरिकेला जाणाऱ्या मुलाची जामीन कोण तर इस्पितळातली झाडूवाली, हे वाक्य आलं. त्यांची जीभ उचललीच नाही.

चांगुणाबाईंनी टोपली जमिनीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला. बस जाईल."

मंगळवारी घरात कुणाला न सांगता दुर्गाबाई ठाण्याच्या बसमध्ये बसल्या. दोन रात्री डोळा लागला नव्हता. बाहेर बेलापूर रोडवरचे कारखाने मागं जात होते आणि त्या मनात वाक्यं जुळवत होत्या. एकही पुरं होत नव्हतं.

इस्पितळाच्या गेटवर वॉचमननं अडवलं. "भेटायची वेळ नाही ही. कोण आहे पेशंट?"

"पेशंट नाही. चांगुणाबाईंना भेटायचंय. कामाला असतात इथं."

"कसल्या कामाला? सिस्टर आहेत का?"

"नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. "झाडू मारतात. सफाईला आहेत."

"मग वर, बाळंतिणींच्या वॉर्डात."

त्यानं नुसता हात दाखवला. त्याला त्यात काहीच वाटलं नव्हतं.

वॉर्डाबाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये चांगुणाबाई वाकून फडकं मारत होत्या. निळी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, बाजूला फिनेलची बादली. दुर्गाबाईंनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्या पुढं निघाल्या तेव्हा चांगुणाबाईंनी मान वर न करता सांगितलं, "तिथंच थांब. ओलं हाय."

दुर्गाबाई थांबल्या. सगळा कॉरिडॉर पुसून होईपर्यंत, फडकं पिळून बादलीच्या काठावर टाकेपर्यंत त्या कडेला उभ्या राहिल्या. एक नर्स गेली, दोन बायका गेल्या. सगळ्या विचारत होत्या, कुणाला भेटायचंय. शेवटी चांगुणाबाई जिन्याच्या पायरीवर येऊन बसल्या आणि बाजूला जागा केली.

"वयनी, मी एक मागायला आले."

"माहीत हाय."

"रविवारीच बोलणार होते."

"मग बोलली का नाय?" चांगुणाबाईंचा आवाज साधा होता. "मी टोपली घेऊन उभी व्हते. म्हटलं, कोनीतरी एक म्हनंल. तुझा नवरा नाय बोलला, माझा नाय बोलला. ते जाऊ दे. मी तुझ्या तोंडाकडं बघत व्हते."

"मला लाज वाटली."

"कसली?"

"माझीच."

"खोटं नको बोलू, दुर्गा. माझ्या झाडूची वाटली."

दुर्गाबाईंनी मान खाली घातली. वॉर्डातून एका तान्ह्या मुलाचं रडणं येत होतं, ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"त्या शेजारनीला मी नर्स म्हनून सांगितलंस. विहारात मला खाली बसवलंस. गिळलं मी. एका घरात राहिलोय आपन तुर्भ्याला, एका चुलीवर. हा पोरगा आजारी पडला तवा ह्याच इस्पितळात मी त्याला घेऊन आले व्हते, डॉक्टरच्या पाया पडून खाट मिळवली. तवा नाय वाटली ती लाज. फ्ल्याट मिळाल्यावर वाटाया लागली."

"मला माफ करा, वयनी."

"ते मला जमंल तवा करीन." चांगुणाबाईंनी खोचलेल्या निऱ्या सोडल्या. "सही मी करते. रविवारीच करनार व्हते. पन पोरासाठी, तुझ्यासाठी नव्हं. आनि आधी थैली परत जायला पायजे. खरं काय झालं ते सांगून. तू द्यायची. मागितली ह्यांनी, पन मिरवलीस तू."

"भावजींची कमिटी..."

"त्यांचं मी बघते."

आतून कुणीतरी हाक मारली, "मावशी, इकडं पुसून घ्या!" चांगुणाबाईंनी बादली उचलली आणि गेल्या.

त्या आठवड्यात दुर्गाबाई आणि विलास तुर्भ्याच्या वस्तीत गेले. संध्याकाळ होती, खाणीवरून माणसं परतली होती, त्यांच्या केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ होती. बाजीराव आदल्या दिवसापासून घरात कुणाशी बोलत नव्हते, पण कुणाकुणाकडून काय घेतलं ते त्यांनी विलासला सांगितलं होतं. दुर्गाबाईंना वाटलं होतं, लोक चिडतील, नाहीतर म्हणतील, असू द्या वहिनी. यांतलं काहीच झालं नाही. त्या दारात उभ्या राहायच्या, जयभीम म्हणायच्या आणि सांगायच्या, "ट्रस्टचं कर्ज मिळालं नाही. सत्काराच्या आधीच विलासला कळलं होतं. आम्ही तुमच्यापासून लपवलं." माणसं ऐकून घ्यायची, हात पुढं करायची आणि आपले पैसे घ्यायची. त्यांना त्या पैशांची गरज होती. थैलीत घालताना होती आणि आत्ताही होती. ते लक्षात आल्यावर दुर्गाबाईंना पुढच्या दाराशी उभं राहणं जड झालं. आत या असं फार कुणी म्हणालं नाही. विलासनं गिरजाबाईंचे पाय धरले तेव्हा म्हातारीनं पाय मागं ओढून घेतले.

शेवटचं दार यशोदाबाईंचं. ती खाणीवर खडी उचलायची, तोंडानं फटकळ. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे पोरगा जानारच नाय?"

"आता दुसरा जामीन मिळाला तर जाईल, जानेवारीत."

"देतंय का कोन?"

"चांगुणावयनी राहतायत जामीन," दुर्गाबाई म्हणाल्या. "त्यांची इस्पितळात सफाईची कायम नोकरी आहे. दुसऱ्या कुणाची नाही आमच्यात."

यशोदाबाई दोन क्षण त्यांच्याकडं बघत राहिली. मग ती दारातून बाहेर आली आणि गल्लीत तोंड करून ओरडली, "ऐकलं का गं? चांगुणा जामीन राहिली! पोराला अमेरिकेला चांगुणा पाठवते!"

"कोन, आपली चांगुणा?"

"मग! परमनंट हाय ती!"

दारादारांतून बायका बाहेर आल्या. कुणी हसत होतं, कुणी विचारत होतं, कुणी दुसऱ्या गल्लीत सांगायला निघालं. दुर्गाबाईंकडं कुणाचं लक्ष नव्हतं. त्या यशोदाबाईंच्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांना वाटलं, सत्काराच्या दिवशी टाळ्या झाल्या त्या ह्यापुढं काहीच नव्हत्या. पुढं ट्रस्टनं कागद पाहिले, फार काही न विचारता चांगुणाबाईंचा जामीन मानला, तिकिटाचे पैसेही कर्जातच धरले आणि नव्या वर्षात विलास गेला. बाजीराव मात्र कमिटीवर निवडून आले नाहीत, आणि त्याबद्दल त्यांनी दुर्गाबाईंशी पुष्कळ दिवस अबोला धरला.

पण त्या संध्याकाळी चांगुणाबाई ठाण्याच्या बसमधून उतरून गल्लीत आल्या तेव्हा त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. बायका त्यांच्याभोवती जमल्या. त्यांनी सगळ्यांना हातानं बाजूला केलं. "काय गोंधळ घातलाय गं? सरा. पाय मोडलेत माझे."

मग त्यांना दुर्गाबाई दिसल्या. "झालं देऊन?"

"झालं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

चांगुणाबाई घरात शिरल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि आतूनच म्हणाल्या, "मग उभी काय राहिलीस? नळ जाईल. हंडा घे."

दुर्गाबाईंनी हंडा उचलला. वाशीला गेल्यापासून त्यांनी नळावर पाऊल ठेवलं नव्हतं. रांग बोळाच्या टोकापर्यंत आली होती. त्यांना वाटलं, आपल्याला बघून कुणीतरी पुढं जागा देईल. पाहुण्या बाईला इथं द्यायच्या. पुढं उभी असलेली बाई वळली, तिनं दुर्गाबाईंच्या इस्त्रीच्या साडीकडं पाहिलं, हंड्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मागनं या."

दुर्गाबाई रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.